‘जमीन फुकट आहे, तूही निघून ये’

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि वेळ संपल्यामुळे अर्धा राहिला. कोणाचा तरी चुलतभाऊ, कोणाचा साडू दूरच्या मुलखात जमीन घेऊन बसलेला असतो. तिकडून निरोप येतो की इथल्या एका एकराच्या पैशात तिथे तीन एकर मिळतात, जमीन काळीभोर आहे, आज ना उद्या कालवा येणार आहे, तेव्हा वावर फुंकून टाक आणि निघून ये. मग घरात दोन तट पडतात. म्हातारी म्हणते, बापजाद्यांची काळी विकायची नाही. पोरगा म्हणतो, या काळीनं गेल्या तीन सालांत काय दिलं ते सांग. दोघंही खरं बोलतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

जावं की राहावं, हे आम्ही इथून सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण असाच निरोप दीडशे वर्षांपूर्वी एका खंडाएवढ्या मुलखातून लाखो शेतकऱ्यांना गेला होता. त्यांचं पुढे काय झालं, ते आम्ही वाचून काढलं आहे. मुलूख अमेरिकेचा, पण शेती आपल्यासारखीच कोरडवाहू. आभाळाकडे बघून पेरायचं, आणि पिकलं तर भाव दुसऱ्यानं सांगायचा.

२० मे १८६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. कायदा सोपा होता. २१ वर्षं पूर्ण झालेला किंवा कुटुंब चालवणारा कोणीही यावा, १६० एकरांवर नाव नोंदवावं, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसावी आणि मग ती त्याच्या नावावर व्हावी. एकटी बाई, विधवा बाईसुद्धा चालेल. परदेशातून आलेल्यानं नागरिक होण्याचा इरादा लिहून दिला की झालं. नोंदणीची आणि पट्ट्याची मिळून फी जेमतेम १८ डॉलर. दोन-तीन एकर खडकाळ जमिनीवर घर चालवणाऱ्या नॉर्वेच्या, स्वीडनच्या, जर्मनीच्या कुळाला १६० एकर म्हणजे काय वाटलं असेल, विचार करा. गावच्या पाटलालाही तेवढी नसायची.

या सालाशी आपलाही संबंध आहे. तेव्हा अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांची लढाई चालू होती. दक्षिणेतले कापसाचे जमीनदार फुकट जमिनीच्या कायद्याला आडवे येत. ते राज्यातून फुटून निघाले, सभागृहातल्या त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या, म्हणून हा कायदा मंजूर झाला. त्याच लढाईनं दक्षिणेचा कापूस बंदरात अडकला, विलायतेच्या गिरण्या रिकाम्या पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. खामगाव, अमरावतीचे बाजार त्याच तेजीत फुगले. पडीक जमिनी उठल्या, बाहेरची माणसं वऱ्हाडात येऊन वसली. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असं लोक उगाच म्हणत नव्हते. त्यांनीही आपापल्या भावकीला ‘या’ म्हणून निरोप धाडले असणारच. १८६५ मध्ये तिकडची लढाई संपली आणि भाव कोसळला. नागपूरला रेल्वे पोचली ती त्यानंतर, १८६७ मध्ये. तेजीत बोलावलेला पाहुणा मंदीत येऊन पोचतो, ही गोष्ट काही अमेरिकेचीच नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकू, कारण ती वगळून ही कथा सांगणं लबाडीचं होईल. ती जमीन रिकामी नव्हती. लकोटा, शायेन, पॉनी अशा लोकांचा तो मुलूख. रानगव्यांच्या कळपांवर त्यांचं जगणं. १८६८ मध्ये सरकारनं लकोटांशी तह केला, त्यांची जमीन त्यांचीच राहील असं लिहून दिलं. १८७४ मध्ये तिथल्या डोंगरांत सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये कायदा करून ते डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भरपाई द्या म्हणून निकाल दिला. लकोटांनी पैसे घेतले नाहीत, जमीन मागितली. तेव्हा ‘फुकट’ या शब्दाची किंमत कोणीतरी मोजलेली असते, एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता मुद्द्याचं. माणसं बोलावली कोणी? सरकारनं कायदा केला. रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौकोन अशी जमीन इनाम मिळाली होती. ती विकायची, आणि शिवाय गाडीत भरायला धान्य हवं. म्हणून त्यांनी जर्मन, स्वीडिश, नॉर्वेजियन अशा भाषांत पत्रकं छापून युरोपात वाटली. पण पत्रकावर शेतकरी किती विश्वास ठेवतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बियाण्याच्या पिशवीवरचं चित्रही आपण बघतोच की. माणसं निघाली ती भावाच्या पत्रावर. नॉर्वेतल्या एखाद्या खेड्यात असं पत्र आलं की ते एका घरात राहत नसे. चर्चच्या आवारात मोठ्यानं वाचलं जाई, नकला होत, शेजारच्या खोऱ्यात जाई. पुढे पुढे तर पत्राबरोबर बोटीचं तिकीटच येऊ लागलं. तिकडच्या भावानं पैसे भरायचे आणि इकडच्यानं पेटी बांधायची.

भाऊ खोटं लिहीत होता का? नाही. पण तो का लिहीत होता, ते नीट पाहा. कायद्यानं प्रत्येकाला आपापल्या १६० एकरांवरच राहावं लागे. म्हणजे अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद तुकडा आणि त्यात एक घर. गावठाण नाही, पार नाही, विहिरीवरच्या गप्पा नाहीत. शेजारी नाही तर शाळा नाही, रस्ता नाही, आजारपणात हाक मारायला माणूस नाही. वस्ती वाढली तरच रेल्वेचा फाटा येणार, फाटा आला तरच जमिनीला मोल येणार. शिवाय १६० एकर त्या मुलखात पुरत नसत. म्हणून भाऊ, बहीण, विधवा आई यांनी लगतचे तुकडे आपापल्या नावानं नोंदवायचे आणि शेती एकत्र करायची, अशी रीत पडली. तुकड्यांच्या शिवेवरच घरं बांधत, विहीर सामाईक पाडत. म्हणजे बोलावणाऱ्याला तुमची माया होती तशी तुमची गरजही होती. यात लाज काही नाही. पण पत्रात माया लिहिली जाते, गरज लिहिली जात नाही.

पत्रात काय असे? जमीन सपाट आहे, दगड नाही, झाड तोडायचं नाही, नांगर घातला की काळी माती वर येते. इथे जमीनदारापुढे टोपी काढावी लागत नाही. हे सगळं खरंच होतं. शेवटची गोष्ट तर लाखमोलाची होती.

काय नसे? लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळ्यांसकट मातीच्या चौकोनी लाद्या कापून त्यांची घरं रचायची. पाऊस पडून गेला तरी दोन दिवस आतून गळत राहायचं. सरपण नाही म्हणून रानगव्यांचं वाळलेलं शेण गोळा करून चूल पेटवायची. आमच्या मायबहिणींना यात नवल वाटणार नाही, पण युरोपातून आलेल्या बायका पहिल्यांदा ते हातात धरताना रडत. १८७४ साली टोळधाड आली. पीक खाल्लंच, दोरीवरचे कपडे आणि अवजारांचे दांडेही कुरतडले. जमीन फुकट, पण बैल, नांगर, बियाणं, विहीर, कुंपण आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं खाणं यांना काही शे डॉलर लागत. मजुराचा रोज साधारण एक डॉलर होता. मग गहाणखत आलंच. फुकट जमीन सावकाराकडे गहाण पडते, हे आपल्याला चमत्कारिक वाटतं. तिथे ते घरोघर झालं.

कापूसवाल्यांची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. दक्षिणेतले काळे लोक लढाईनंतर गुलामीतून सुटले, पण कापसाच्या अर्धेलीत अडकले. बियाणं, पीठ, कापड सगळं मालकाच्या किंवा सावकाराच्या दुकानातून उधार. कापूस उतरला की वही उघडायची, आणि वहीत देणं कधी संपायचं नाही. वर मारझोड, जाळपोळ. १८७९ मध्ये मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सासमधून असे हजारो लोक कॅन्सासकडे निघाले. त्याआधी १८७७ मध्ये केंटकीच्या काळ्या कुटुंबांनी पश्चिम कॅन्सासात निकोडेमस नावाचं गाव वसवलं होतं. त्या गावाचीही आकर्षक पत्रकं निघाली होती. १८७८ मध्ये विलियाना हिकमन ही बाई पोरंबाळं घेऊन पोचली, तेव्हा नवऱ्यानं बोट दाखवलं की ते बघ निकोडेमस. तिला घरं दिसेनात, जमिनीतून धूर निघताना दिसला. लोक बिळं खणून राहत होते. तिला रडू कोसळलं, असं तिनंच पुढे सांगितलं आहे. काही कुटुंबं लगेच मागे फिरली. हिकमन कुटुंब राहिलं. पुढे १८८८ मध्ये रेल्वेचा रूळ गावाला चुकवून गेला आणि दुकानं उठली. तरीही ते गाव पुसलं गेलं नाही. दर वर्षी जुलैअखेरीस त्या कुटुंबांचे वंशज दूरदूरहून तिथे जमतात. हरले की जिंकले, हे आम्हाला एका शब्दात सांगता येत नाही. सावकाराच्या वहीपेक्षा जमिनीतलं बीळ बरं, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबाला नावं ठेवायची आमची हिंमत नाही.

पण ज्यांच्या मागे अशी आग लागलेली नव्हती, त्यांचं काय? त्यांना फसवलं ते पावसानं, आणि पावसाबद्दल बोलणाऱ्या शहाण्यांनी.

१८७८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं सरकारला अहवाल दिला. हा लढाईत उजवा हात गमावलेला माणूस, उरलेल्या एका हातावर नद्या-दऱ्या पालथ्या घातलेला. त्यानं सांगितलं की देशाच्या मधोमध एक उभी रेघ आहे, तिच्या पश्चिमेला वर्षाचा पाऊस २० इंचांच्या खाली जातो. म्हणजे साधारण ५०० मिलिमीटर, आपल्या सोलापूर-नगरकडच्या अवर्षणाच्या पट्ट्याला जवळचा. तिथे पाण्याशिवाय पिकाची खात्री नाही. पाणी असेल तर ८० एकरही पुरे, पाणी नसेल तर १६० एकर ही थट्टा आहे. गुरं राखून जगायचं तर कुटुंबाला २,५६० एकर द्या.

हे कोणाला आवडलं नाही. जमीन विकणाऱ्यांना नाही, वस्ती वाढवणाऱ्यांना तर नाहीच. त्यातच पुढची सात-आठ वर्षं पाऊस बरा झाला. मग एक नवा सिद्धांत निघाला. नेब्रास्का विद्यापीठातले एक प्राध्यापक, सॅम्युअल ऑघी, सांगू लागले की माळ नांगरला की पाणी मुरतं, ओल वाढते, आणि ओलीमुळे पाऊसही वाढतो. १८८१ मध्ये चार्ल्स डेना विल्बर यांनी पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की नांगर पुढे गेला की पाऊस आपोआप त्याच्या मागे जातो. प्रत्यक्षात नांगरणारे चांगल्या वर्षांत आले होते, एवढंच. पण भावाच्या पत्राला आता विद्यापीठाचा शिक्का मिळाला. १८८५ ते १८८७ या काळात पश्चिम कॅन्सासात लोंढा लोटला.

१८८७ पासून पाऊस फिरला. १८९० वाईट गेलं, १८९४ त्याहून वाईट. १८८८ ते १८९२ या चार वर्षांत पश्चिम कॅन्सासातली सुमारे निम्मी वस्ती उठून गेली. परतणाऱ्या गाड्यांवर लोकांनी रंगानं लिहिलं होतं की भरवसा देवावर ठेवला आणि दिवाळं कॅन्सासात निघालं. गंमत करण्याची ताकद उरली होती, एवढं तरी बरं.

आणि जिथे पाऊस पडला तिथे काय झालं? पीक आलं, भाव गेला. गव्हाला १८८१ मध्ये एका बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, एक डॉलरच्या वर भाव होता. १८९४ मध्ये तो अर्ध्या डॉलरवर आला. कर्ज मात्र डॉलरात घेतलेलं, ते डॉलरातच फेडायचं. जिथे दोन पोती लागायची तिथे चार विकावी लागली. रेल्वेचं भाडं असं की एक पोतं बाजारात न्यायला दुसऱ्या पोत्याची किंमत जाते, असं शेतकरी म्हणत. १८८९-९० च्या हिवाळ्यात कॅन्सास-नेब्रास्कात लोकांनी शेकोटीला मका जाळला, कारण कोळसा मक्याहून महाग होता. दुष्काळानं मारलेल्याला निदान शेजारी रडतो, सुकाळानं मारलेल्याला कोण रडणार? याच मुलखातले आणि दक्षिणेच्या कापूसपट्ट्यातले शेतकरी मग संघटित झाले आणि जुलै १८९२ मध्ये ओमाहा शहरात भाडं, व्याज आणि चलन या तीन दुखण्यांवर जाहीरनामा काढला. ते सगळं पुन्हा कधीतरी.

१६० एकर पुरत नाहीत, हे सरकारला कळायला ४० वर्षं लागली. १९०४ मध्ये पश्चिम नेब्रास्कासाठी ६४० एकर केले, १९०९ मध्ये कोरड्या राज्यांसाठी ३२०. त्या नव्या कायद्याबरोबर पुन्हा पत्रं गेली, पुन्हा माणसं आली. या वेळी पाऊस वाढण्याच्या जागी नवी मशागत आली होती: ओल धरून ठेवायला वरची माती बारीक भुकटी करून ठेवा. आपणही म्हणतो, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. ते खोटं नाही. पण सपाट माळावर, बांध नाही, झाड नाही, सोसाट्याचा वारा, आणि मैलोन्‌मैल भुकटी. १९३० नंतरच्या दुष्काळात ती उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी भरदुपारी अंधार पडला.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग सगळेच बुडाले का? नाही. सुमारे १६ लाख लोकांच्या नावावर जमिनी झाल्या, आणि त्यातल्या कित्येकांची नातवंडं आजही शेती करतात. टिकले त्यांतले काही कसे आले होते, ते बघण्यासारखं आहे.

रशियाच्या दक्षिणेत मेनोनाइट पंथाचे जर्मन शेतकरी होते. तोही कोरडा, वाऱ्याचा माळ. तिथे सक्तीची लष्करभरती येणार असं दिसताच त्यांनी अमेरिकेला जायचं ठरवलं. पण त्यांनी पत्रावर घर मोडलं नाही. १८७३ मध्ये आपल्यातले १२ जण निवडून पाठवले. ते कॅनडाच्या मॅनिटोबापासून टेक्सासपर्यंत फिरले, माती पाहिली, पाणी पाहिलं, परत येऊन सगळ्यांसमोर बोलले. १८७४ मध्ये कॅन्सासला आलेल्यांनी फुकटच्या जमिनीचा हट्ट धरला नाही, रेल्वे कंपनीकडून लागून लागून जमीन विकत घेतली, म्हणजे गाव गावासारखं राहिलं. आणि बरोबर आपला कठीण लाल गहू आणला. शरदात पेरायचा आणि उन्हाळ्याची होरपळ सुरू होण्याआधी काढायचा. कॅन्सास पुढे गव्हाचं राज्य झालं ते या बियाण्यावर. त्याहून कोरड्या भागात जिथे मका करपायचा, तिथे १८७० नंतर आफ्रिकेतून आलेली ज्वारी रुजली. आज अमेरिकेतली सर्वांत जास्त ज्वारी कॅन्सासात पिकते. तेव्हा ज्वारीला कोणी गरिबाचं पीक म्हणून हिणवलं तर त्याला हे सांगा.

दुसरा माणूस नॉर्वेचा, ओले रिन्निंग. हा १८३७ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात गेला. त्यांच्या टोळीनं जागा पाहिली ती कोरड्या दिवसांत. वसंतात कळलं की ती पाणथळ आहे. हिवतापानं बहुतेक वस्ती संपली, रिन्निंगही १८३८ मध्ये गेला. पण जाण्याआधी त्यानं गावाकडच्यांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं, ते त्याच वर्षी नॉर्वेत छापून आलं. लोक जे जे विचारतील ते प्रश्न घ्यायचे आणि उत्तर द्यायचं, अशी त्याची रीत. त्यात एक प्रश्न असा होता की कोणी यावं आणि कोणी येऊ नये. स्वतःची वस्ती मरत असताना त्यानं ‘येऊच नका’ असंही लिहिलं नाही आणि ‘डोळे मिटून या’ असंही नाही. बोलावणं असं असावं.

तेव्हा ज्यांच्याकडे भावाचा फोन आलेला आहे, त्यांनी काळ्या मातीचे फोटो पुरे झाले म्हणून सांगावं. त्याला विचारावं की गेल्या दहा वर्षांत वाईट साल कोणतं गेलं आणि त्या साली तू घरातलं काय विकलंस. विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं. बाजार किती कोस, भाडं किती, आणि माल नेला तर विकत घेणारे व्यापारी किती, की एकच. सातबारा, किंवा तिकडे जो काही उतारा असेल तो, नक्की कोणाच्या नावावर आहे आणि ती जमीन आधी कोण कसत होतं. आणि वहिनीला फोन द्यायला सांगावं. दुपारी एकटी असताना तिला तिथे कसं वाटतं, हे तिच्याच तोंडून ऐकावं. मग दोघा-तिघांनी तिकिटाचे पैसे काढून, पावसाळ्यात नव्हे, ऐन वैशाखात जाऊन यावं. आणि ज्यांनी स्वतः बाहेर जमीन घेतली आहे आणि भावाला बोलावण्याच्या विचारात आहेत, त्यांनी फोन करण्याआधी हीच उत्तरं एका कागदावर लिहून काढावीत, आपल्याला शेजार हवा आहे हेही त्यात लिहावं.

दोन जणांनी तसे कागद आजच आणले आहेत. ते आता वाचू. शेवटची एस.टी. सहाची आहे, लांबच्या गावांनी आधी बोलून घ्यावं.